मिठावरची साय

"सुऱ्या पकडायला अक्कल लागत नाही, मीठ लागतं! आणि मीठ टाकायला हात लागतो. तसा हात या अख्ख्या बेटावर एकाच माणसाला आहे!"

असं म्हणून रेजिस मोर्वांने तो हात वर करून दाखवला. हातात बडीशेपेच्या दारूचा पेला होता. त्यामुळे हात दिसायच्या आधी दारू उडाली, आणि ती शेजारच्या तंबूतल्या गास्पारच्या टकलावर पडली. गास्पारने टकलावरून बोट फिरवलं, ते चाखलं आणि म्हणाला, "चालू दे तुझं. वाया काही जात नाहीये."

सुऱ्या म्हणजे शिंपल्या. लांबट, सुरीच्या मुठीसारख्या, वाळूत उभ्या गाडून घेऊन राहणाऱ्या. केर्वेन बेटावर उधाणाची मोठी ओहोटी लागली की सगळा कॅम्प बादल्या घेऊन वाळूत उतरतो. ओणवं व्हायचं, वाळूतलं भोक शोधायचं, भोकात चिमूटभर मीठ टाकायचं आणि थांबायचं. मीठ अंगाला झोंबलं की सुरी बिचारी तणतणत वर येते. आली की धर! विद्या एवढीच. पण रेजिस या विद्येवर पेला रिकामा होईपर्यंत बोलत असे, आणि कोणी पेला भरत राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून.

एरवी या बेटावर काही घडतच नाही. एक चर्च, एक दुकान, एक दीपस्तंभ आणि दुकान बंद का आहे याची चर्चा. लोक दर उन्हाळ्यात इथे शांततेसाठी येतात, पाइनच्या झाडांखाली तंबू ठोकतात आणि फाटकावर लावलेला भरती-ओहोटीचा तक्ता पंचांगासारखा वाचतात. रेजिस नांत शहरात ट्राम चालवून निवृत्त झाला होता. जन्मभर रुळावरून चाललेला माणूस! रूळ संपल्यावर तो कुठे जाईल याचा भरवसा कोणालाच राहिला नव्हता, बायकोला तर मुळीच नाही.

"पापा," त्याची मुलगी माएल म्हणाली, "उद्या सकाळच्या बोटीने तितुआँचे आईबाबा येतायत. तू मला एक वचन दे."

"दिलं!"

"अरे, मी अजून सांगितलंही नाही!"

"माझं वचन कुठल्याही गोष्टीला चालतं."

"बढाया मारायच्या नाहीत. काही पेटवायचं नाही. आणि कोणाला काही शिकवायला जायचं नाही."

यातल्या मधल्या कलमाला इतिहास होता. तितुआँच्या आधी माएलचा एक मित्र होता. त्याचे वडील एकदा कॅम्पवर आले असताना रेजिसने त्यांना निखारे झटपट कसे फुलवायचे ते करून दाखवलं होतं. निखारे फुलले. मग छत फुललं. मग त्या सद्गृहस्थांचा नवाकोरा तंबू फुलला. त्यानंतर तो मित्र माएलच्या आयुष्यातून जो गेला तो गेलाच.

"तो वाऱ्याचा दोष होता," रेजिस म्हणाला.

"वारा नव्हता तो," त्याची बायको सोलांज बटाटे सोलता सोलता म्हणाली. "माझं केस वाळवायचं यंत्र होतं."

माएल बापाशेजारी येऊन बसली. तिचा आवाज जरा खाली आला. "पापा, मस्करी नाही. मला हे लग्न हवंय. तितुआँचे बाबा फार कमी बोलतात, पण घरात त्यांच्या मनाविरुद्ध पान हलत नाही. त्यांना आपण आवडलो पाहिजे. एक दिवस, फक्त एक दिवस तू साधा माणूस होशील?"

रेजिसला गलबलून आलं. मुलगी त्याचा जीव की प्राण होती. त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पण हात? हातांबद्दल तर कोणी वचन घेतलं नव्हतं! उद्या उधाणाची ओहोटी. पाहुणे विश्रांती घेतायत तोवर बादलीभर सुऱ्या आणायच्या आणि संध्याकाळी लोण्या-लसणात परतून पुढ्यात ठेवायच्या. न बोलता छाप!

दुसऱ्या दिवशी सकाळी रेजिस न्हाणीघरापुढच्या रांगेत दाढीचा ब्रश घेऊन उभा होता, आणि नेमक्या तेवढ्या वेळात दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी, की गास्पार हात हलवत सोलांजकडे आला. "सोलांज, जरा मीठ दे गं. सगळे निघालेत ओहोटीला. डॉक्टरांनी माझं मीठ बंद केल्यापासून तंबूत खडा नाही." सोलांजने टेबलाखालचा जाड्या मिठाचा पुडा त्याला देऊन टाकला. तो रेजिसने खास आजच्यासाठी आणून ठेवलेला होता, हे तिच्या लक्षात राहिलं नाही.

दुसरी अशी, की बोट आली. समुद्र खवळलेला होता. तितुआँची आई मार्त गेनो बोटीतून उतरली ती वाटाण्यासारखी हिरवी होऊन. तितुआँने तिला एका बाजूने धरलं होतं, माएलने दुसऱ्या. मागून आन्सेल्म गेनो टोपी घालून गंभीरपणे चालत होते. कॅम्पवर आल्यावर गालाला गाल लावून झाले, मार्तने सोलांजच्या हातात निळ्या दोरीने बांधलेली एक पांढरी कापडी पिशवी ठेवली, "नीट ठेवा हं, सगळं संध्याकाळी सांगते," एवढं म्हणाली आणि तंबूत जाऊन आडवी झाली. सोलांजने पिशवी टेबलाखाली ठेवली. जाड्या मिठाची जागा मोकळीच होती.

रेजिस गुळगुळीत होऊन परत आला तेव्हा पाणी ओसरायला लागलं होतं. त्याने आन्सेल्मशी हात मिळवला, ओठ घट्ट मिटून मान डोलावली, टेबलाखाली हात घातला, जे हाताला लागलं ते उचललं आणि बादली घेऊन टेकाडापलीकडे पसार झाला. पिशवी आज कापडाची का, हा प्रश्न दुसऱ्या कोणालाही पडला असता. रेजिसला प्रश्न पडत नसत. त्याच्याकडे फक्त उत्तरं असत.

आणि काय सांगू तुम्हाला! त्या दिवशी वाळूत चमत्कार झाला. एरवी रेजिस मीठ टाकायचा, वाट बघायचा, सुरी मान बाहेर काढायची, रेजिसकडे बघून परत आत जायची. आज मीठ पडायचा अवकाश, सुरी टुणकन बाहेर! दुसरी, तिसरी, मग मोजणंच सोडलं. बादली भरत आली.

"कसलं मीठ आहे रे ते?" शेजारच्या डबक्यात गुडघाभर चिखलात उभा असलेला गास्पार ओरडला. त्याच्या बादलीत एक खेकडा होता, तोही स्वतःहून चढलेला.

"मीठ नाही रे, हात!" रेजिस म्हणाला. पण यशाने माणूस उदार होतो. त्याने गास्पारला मूठभर दिलं. पलीकडच्या आजीबाईंना दिलं. पोराटोरांना वाटलं. कॅम्पवरचं झाडून सगळं मीठ त्या दुपारी वाळूत गेलं होतं, त्यामुळे सगळे रेजिसपुढे हात पसरून उभे! आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे लोकांना हवं असलेलं काहीतरी होतं. पिशवी रिकामी झाली तेव्हा त्याने ती झटकली, घडी घालून खिशात टाकली आणि विजयी वीरासारखा परतला.

"बघ!" त्याने सोलांजपुढे बादली आदळली.

"छान. भिजत घाल, वाळू जाऊ दे. आणि ऐक." सोलांजचे डोळे चमकत होते. "मार्तबाईंना आता बरं वाटतंय. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला तर भरूनच आलं. आन्सेल्म मिठागरवाले ना! त्यांच्याकडे एक रीत आहे. वाफ्यात मीठ धरताना सगळ्यात आधी पाण्यावर जी मिठाची साय येते, ती ते हाताने काढतात. या वर्षीची पहिली साय त्यांनी कोणाला विकली नाही. मुलाचं लग्न ठरवायचं तर ती साय मुलीच्या घरी न्यायची, आणि घरच्या मोठ्याने स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या ताटात वाढायची. दोन्ही घरांनी एक मीठ खाल्लं की ठरलं! म्हणून आजचा स्वयंपाक मी बिनमिठाचा करणार आहे. नशीब, काल दुकानात खारं लोणी संपलं होतं. बिनमिठाचं घेतलं तर बाई विचारते, घरात कोणी आजारी आहे का!"

"मग... ती साय कुठे आहे?" रेजिसने विचारलं. आवाज त्याचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"टेबलाखाली ठेवलीय की. पांढरी पिशवी, निळी दोरी."

रेजिसच्या खिशातली पिशवी एकदम जड झाली. रिकामी होती तरी.

खरं सांगून टाकावं, असं शहाण्या माणसाला वाटलं असतं. पण रेजिसच्या डोळ्यांपुढे तो जळणारा तंबू आला, आणि माएलचा चेहरा आला. त्याने ठरवलं की मीठ शोधायचं. मीठच तर आहे! जगात मिठाला काय तोटा?

तोटा होता. सोमवार होता. दुकान बंद. रेजिस कॅम्पभर तंबू-तंबू फिरला. "जरा मीठ आहे का?" प्रत्येक तंबूतून तेच उत्तर आलं, "अरे, आम्हीच नाही का मघाशी तुझ्याकडून घेतलं!" अख्ख्या बेटाचं मीठ वाळूत होतं, वर आता भरती चढत होती, आणि गास्पारला तर डॉक्टरांनीच मना केलेलं.

रेजिस टेकाडावर हताश होऊन बसला. समोर समुद्र. चहूबाजूंनी समुद्र. आणि एकाएकी त्याने कपाळावर हात मारून घेतला. एवढं मीठ समोर लाटा मारतंय आणि आपण दारोदार भीक मागतोय!

थोड्याच वेळात तंबूमागे मोठ्या पातेल्यात समुद्र उकळत होता. शेगडी भणभणत होती. रेजिस पळ्याने ढवळत होता, फुंकर घालत होता, आत वाकून बघत होता. समुद्र काही केल्या आटेना. तेवढ्यात मागून सावली पडली. आन्सेल्म! पाठीवर हात बांधून उभे.

"काय शिजतंय?" ते म्हणाले. आल्यापासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

रेजिसच्या तोंडून निघून गेलं, "सूप!"

आन्सेल्मनी पातेल्यात डोकावून पाहिलं. आत पाणी होतं, आणि एक शेवाळाचा तुकडा. त्यांनी पळी घेतली, फुंकली, चाखली. बराच वेळ विचार केला.

"मीठ जरा जास्त आहे," ते म्हणाले.

"आमच्याकडे असंच खातात," रेजिस म्हणाला.

आन्सेल्मनी मान हलवली आणि आले तसे निघून गेले. त्याच क्षणी गॅसची टाकी संपली.

पातेल्याच्या बुडाशी जे उरलं होतं त्याला मीठ म्हणणं म्हणजे डबक्याला तलाव म्हणणं. रेजिसने ते तव्यावर पसरून उन्हात वाळवलं. जेमतेम मूठभर राखाडी खडे. पिशवी मात्र चांगली जाडजूड होती! त्याने इकडे तिकडे बघितलं. फळीवर साखरेचा डबा होता. समुद्राच्या हवेने साखर दमट झालेली, गठळ्या धरलेली, बारीक, चमचमती. रेजिसने डोळे बारीक करून बघितलं. तीच! हुबेहूब मिठावरची साय!

खाली साखर, वर आपला मूठभर समुद्र, वरून निळी दोरी. झालं! आन्सेल्म वरूनच तर चिमटी घेणार. ताटात चार-चार कण पडणार. कोणाला काय कळतंय? आपल्याकडे साखरेच्या पुड्यावर लग्नं ठरतात, पण हे त्या बापड्याला कोणी सांगायचं? त्याने पिशवी टेबलाखाली ठेवली आणि गास्पारकडे शेगडी मागायला गेला.

"देतो," गास्पार म्हणाला, "पण जेवायला मी येणार."

त्या दिवसांत तिकडचा सूर्य लोकांची जेवणं झाल्याशिवाय मावळत नाही. पाइनखाली फळ्या जोडून लांब टेबल केलं होतं, वर चौकड्यांचं कापड. लोण्या-लसणात परतलेल्या सुऱ्यांचा वास सगळ्या कॅम्पभर सुटला होता. उकडलेले बटाटे, टोमॅटोच्या फोडी, पाव. सोलांजने कशातही मिठाचा कण घातला नव्हता. माएल निळा झगा घालून आली होती आणि दर थोड्या वेळाने बापाकडे कौतुकाने बघत होती. दिवसभरात त्याने एकही बढाई मारली नव्हती! रेजिस गप्प का आहे हे तिला कुठे ठाऊक होतं?

आन्सेल्म उठून उभे राहिले. टोपी काढली. मार्तने पदर, म्हणजे आपला रुमाल, डोळ्यांना लावला.

"माझ्या बापाने माझ्या सासऱ्याला मीठ दिलं," आन्सेल्म म्हणाले. "मी तुम्हाला देतो. खा."

तितुआँ माएलच्या कानात कुजबुजला, "बाबा एवढं कधीच बोलले नाहीत!"

आन्सेल्मनी दोरी सोडली. पिशवीत बोटं घातली. आणि रेजिस अर्धवट उठून परत बसला. कारण त्यांनी वरचा थर बोटाने अलगद बाजूला सारला. "वरचं हवेने ओलं होतं," ते म्हणाले, "खरं आतलं." मग मनगटापर्यंत हात खुपसला आणि मुठी भरभरून वाढायला लागले! मुलाचं लग्न होतं, हात आखडता कोण घेणार? सगळ्या सुऱ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या.

जेवायला सुरुवात झाली.

पहिला घास घेतल्यावर टेबलावर जी शांतता पसरली, ती या शांत बेटावरसुद्धा कोणी ऐकली नव्हती. लसूण, लोणी आणि शिरा एकदम खाल्ल्यासारखं! तितुआँला ठसका लागला. सोलांजला वाटलं, मिठाची साय अशीच लागत असेल, आपण अडाणी. "किती... नाजूक!" ती म्हणाली. माएलला वाटलं, ही सासरची परीक्षा आहे, आणि तिने डोळे मिटून दुसरा घास घेतला. मार्त नवऱ्याकडे बघतच राहिली.

"अहाहा!" गास्पार ओरडला. "याला मीठ म्हणतात? आणि इतकी वर्षं डॉक्टरांनी माझ्यापासून हे लपवून ठेवलं!"

आन्सेल्म चावायचे थांबले. पिशवीतून चिमूटभर उचलून त्यांनी जिभेवर ठेवलं. चेहरा उतरला. काटा खाली ठेवला.

"मार्त," ते हळूच म्हणाले, "मला गोड लागतंय."

मार्त घाबरली. मिठागरवाल्याची जीभ गेली म्हणजे गवयाचा गळा गेला. आन्सेल्मच्या वडिलांची जीभ गेली तेव्हा ते वाफ्याच्या बांधावर बसून लहान मुलासारखे रडले होते, हे तिने पाहिलं होतं. तिने टेबलाखालून लेकाच्या पायावर पाय दिला आणि मोठ्याने म्हणाली, "गोड? छे! भास होतोय तुम्हाला. चांगलं खारट आहे!"

"खारट आहे, बाबा!" तितुआँ कळवळून म्हणाला.

"खूपच खारट!" माएल म्हणाली, आणि पुरावा म्हणून तिने घटाघटा पाणी प्यायलं.

"मला तर तहान लागून राहिलीय!" सोलांज म्हणाली, आणि तिनेही पाण्याचा तांब्या, म्हणजे तिकडची काचेची सुरई, पुढे ओढली.

"हे खारट होय?" गास्पारने विचारलं. "बरं बरं. विसरलोच होतो."

म्हाताऱ्याला दिलासा द्यायला जो तो खारट खारट म्हणत होता, आणि प्रत्येक 'खारट'सरशी आन्सेल्म आणखी खचत होते. शेवटी त्यांनी टोपी घातली.

"म्हणजे फक्त मलाच," ते म्हणाले. "जीभ गेली. ठीक आहे. तितुआँ, उद्यापासून मिठागर तू बघायचंस. शहरातली नोकरी सोड. लग्नाचं नंतर बघू. नवा माणूस वाफ्यात तयार व्हायला काही वर्षं जातात."

तितुआँ पांढरा पडला. माएलने हातातला पेला खाली ठेवला. ती टेबलाच्या कापडावरची एक चौकड बोटाने घासत बसली. लहानपणी रडू दाबायची तेव्हा ती असंच करायची. रेजिसला ते बघवेना. तो उठला. खुर्ची मागे पडली.

"मस्यू गेनो! तुमची जीभ शाबूत आहे! ती साखर आहे!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे हे खारट नाही?" गास्पार म्हणाला.

"मी भरली साखर. तुमचं मीठ... तुमचं मीठ मी चुकून ओहोटीला नेलं. सुऱ्यांना घातलं."

"पापा!" माएल किंचाळली.

"सगळं?" आन्सेल्मनी विचारलं.

"सगळं. थोडं मी, थोडं गास्पारने, थोडं पोरांनी." रेजिसने पडलेली खुर्ची उचलून उभी केली. "तुम्ही मला समुद्रात बुडवा, पण पोरीचा यात काही दोष नाही. ती मला साधा माणूस हो म्हणाली होती. मला नाही जमलं."

आयुष्यात पहिल्यांदाच रेजिस मोर्वां खरं बोलून थांबला होता. आन्सेल्मनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

"एका भोकात किती घातलंत?"

"चिमूटभर," रेजिस म्हणाला.

"थांबावं लागलं?"

"नाही! पडल्या पडल्या वर!"

"जाड्या मिठाला कशा येतात?"

"कुरकुरत. मान काढतात, परत आत जातात. आपण उधारी वसूल करायला आल्यासारखं बघतात."

"आणि माझ्या मिठाला?"

रेजिसने क्षणभर विचार केला. वचन बिचन आता राहिलंच कुठे होतं? "हसत आल्या, मस्यू गेनो. देवाशपथ, हसत आल्या!"

"हं," आन्सेल्म म्हणाले. ते उठले, स्वतःचं ताट नळावर नेऊन विसळलं आणि तंबूत गेले. पडद्याआडून आवाज आला, "आणि ते सूप?"

"समुद्र होता तो," रेजिस म्हणाला.

"म्हटलंच. ओळखीचं लागलं."

मग काहीच नाही. माएलने तितुआँकडे बघितलं. "रागावलेत का?"

"बाबा रागावले की बोलत नाहीत."

"आणि खूश झाले की?"

"तेव्हाही बोलत नाहीत," तितुआँ म्हणाला.

सोलांजने टेबल आवरलं. पिशवीत उरलेली साखर तिने झटकून परत डब्यात ओतली. साखर टाकून कशी द्यायची? ती संसारी बाई. वरचा तो मूठभर समुद्रही साखरेबरोबर डब्यात गेला, आणि डबा हलवून फळीवर ठेवला गेला.

सकाळी माएल बापाशी बोलत नव्हती. तिचे डोळे सुजले होते. रेजिसने गास्पारच्या शेगडीवर सगळ्यांसाठी कॉफी केली, तिकडच्या पद्धतीने ती प्यायला वाडगे मांडले, प्रत्येकात स्वतःच्या हाताने साखर घातली. निदान कॉफी तरी चांगली द्यावी! आन्सेल्म तंबूतून बाहेर आले. टोपी डोक्यावर, बूट पायात. परतीची बोट थोड्याच वेळात सुटणार होती. ते टेबलाशी बसले, दोन्ही हातांनी वाडगा उचलला आणि ओठांना लावला.

त्याच वेळी रेजिसने आपल्या वाडग्यातला घोट घेतला. आणि त्याला सगळं कळलं. डबा, पिशवी, समुद्र, सगळं! "थांबा!" म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण तोंडात कॉफी होती. सोलांजचा घोट गालात अडकला होता. माएल वाडगा धरून पुतळ्यासारखी बसली होती. आन्सेल्म मात्र पीत होते. सावकाश, शेवटपर्यंत. मग त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि मिशी पुसली.

"मीठ जरा जास्त आहे," ते म्हणाले.

सोलांजने गालातला घोट कसाबसा गिळून टाकला.

"पण तुमच्या घरची रीतच तशी. कालच कळलं मला." त्यांनी रिकामा वाडगा रेजिसपुढे सरकवला. कालपर्यंतचं 'तुम्ही' बोटीची वाट न बघताच निघून गेलं होतं. "ओत आणखी, व्याही. आणि आटप. ओहोटी चुकायला नको. सुऱ्या हसत कशा येतात ते मला बघायचंय."

माएल उठून बापाच्या गळ्यात पडली. मार्त हसत रडत होती. तितुआँ आधी वडिलांकडे बघत होता आणि मग तोंड वेंगाडून पुढ्यातल्या कॉफीकडे. रेजिसने वाडगा भरला. डब्यातली साखर घातली. दोन चमचे. दुसरं करणार तरी काय होता?

लग्न झालं, पोरं सुखात आहेत. आन्सेल्म दर उन्हाळ्यात कॅम्पवर येतात आणि आले की सगळ्यांना मीठ घातलेली कॉफी प्यावी लागते, कारण खरं सांगायची हिंमत कोणालाच नाही. रेजिस तर नव्या पाहुण्यांना ऐकवतो की, ही मोर्वां घराण्याची फार जुनी परंपरा आहे! सुटला तो एकटा गास्पार. त्याला डॉक्टरांनी मीठ वर्ज्य सांगितलंय ना!